उजेडात उजेड मिळवला, तरी अंधार!



एक अधिक एक किती? पहिलीतले पोरही सांगेल, दोन. आम्ही तर बी.कॉम. झालेले कारकून. उभा जन्म बेरजा-वजाबाक्यांत चाललेला. आमच्या कचेरीत एक अधिक एक दोन झाले नाहीत, तर संध्याकाळी कोणी घरी जात नाही. चूक सापडेपर्यंत खतावणीची पाने उलटावी लागतात. परंतु निसर्गाच्या दप्तरात एक खाते असे आहे की तिथे एक अधिक एक कधी शून्य होतात, तर कधी चक्क चार होतात. आणि नवल असे की, वर्षअखेरीस ताळेबंदात एका पैशाचाही फरक निघत नाही! ते खाते म्हणजे उजेड. आज आम्ही उजेडाचा हाच हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत.

निमित्त झाले ते असे. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावी सायन्सची एक मुलगी येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळे एकदम इंग्रजीतून. एके दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "काका, यात लिहिलंय की दोन ठिकाणचा उजेड एकाच जागी पडला, तर तिथे अंधार होऊ शकतो. असं कसं होईल? घरात एक दिवा लावला आणि त्यात दुसरा लावला, तर उजेड वाढतोच ना?" तिने हाच प्रश्न आधी क्लासमध्ये विचारला होता. उत्तर मिळाले, "पाठ करून टाक, पाच मार्कांना येतं."

प्रश्न मात्र पाच मार्कांचा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या पंडितांनी या एका प्रश्नावर शंभर वर्षे वाद घातला आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा तिला लगेच उत्तर देता आले नाही. मग पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, आणि मुख्य म्हणजे घरी हाताने करून पाहिले. त्यातून जे समजले ते इथे देत आहोत.

ढवळाढवळ नव्हे, बेरीज!

त्या धड्याचे नाव ‘इंटरफिअरन्स’. आमच्या कचेरीत इंटरफिअरन्स म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावरच्या फायलीत नाक खुपसणे! त्यामुळे पुष्कळ मुलांचा असा समज होतो की दोन प्रकाशलहरी एकमेकींत ढवळाढवळ करतात, एकमेकींना अडवतात. तसे काही नसते. मराठीत या प्रकाराला ‘व्यतिकरण’ म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट सोपी आहे.

एखाद्या शांत तळ्यात थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाका. दोन्ही ठिकाणांहून गोल गोल लाटा निघतात आणि एकमेकींतून आरपार जातात. कोणी कोणाला अडवत नाही. मात्र ज्या जागी त्या भेटतात, तिथल्या पाण्याला दोघींचेही ऐकावे लागते. एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचाही उंचवटा एकाच वेळी आला, तर पाणी दुप्पट उचलले जाते. पण एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच वेळी आला, तर एक म्हणते वर चढ आणि दुसरी म्हणते खाली उतर. पाणी बिचारे जागच्या जागी राहते. दोन लाटा येऊनही तिथे लाट नाही!

आमच्या भाषेत सांगायचे तर उंचवटा म्हणजे जमा आणि खळगा म्हणजे नावे. एका पावतीने दहा रुपये जमा झाले, दुसऱ्या पावतीने दहा रुपये जमा झाले, तर शिल्लक वीस. एकीने दहा जमा आणि दुसरीने दहा नावे पडले, तर शिल्लक शून्य. पावत्या मात्र दोन्ही खऱ्याच असतात.

उजेड हीसुद्धा लहर आहे. फरक एवढाच की तिची लांबी, म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, फार लहान असते. तांबड्या रंगाची लहर सुमारे ०.०००७ मिलिमीटर, तर जांभळ्याची सुमारे ०.०००४ मिलिमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभराहून जास्त लहरी सहज मावतात. म्हणून आपल्याला उजेडाच्या लाटा दिसत नाहीत, फक्त त्यांची बेरीज दिसते.

आता एकाच ठिकाणाहून निघालेला उजेड दोन वाटांनी भिंतीवर आणला असे समजा. भिंतीवरच्या ज्या जागी दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या, तिथे उंचवट्यावर उंचवटा पडतो आणि जागा उजळते. थोडे बाजूला सरकले की एक वाट किंचित लांब होते. ती बरोबर अर्ध्या लहरीने लांब झाली की उंचवट्यावर खळगा पडतो आणि तिथे काळी रेघ उमटते. आणखी सरकले आणि फरक पूर्ण एका लहरीचा झाला की पुन्हा उजेड. अशी उजळ रेघ, काळी रेघ, उजळ रेघ, काळी रेघ ही रांग भिंतीवर तयार होते.

मग घरातले दोन दिवे अशी रेघ का काढत नाहीत? त्या मुलीची शंका अगदी रास्त होती. दिव्यातून निघणारा उजेड म्हणजे असंख्य अणूंनी आपापल्या मर्जीने सोडलेल्या लहरी. दोन वेगळ्या दिव्यांचा ताल एकमेकांशी जुळलेला नसतो. एका क्षणी इथे उजळ आणि तिथे काळे, तर पुढच्याच क्षणी उलटे. सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात हे पट्टे जागा बदलतात. आपल्या डोळ्याला सरासरी तेवढी कळते, आणि ती सरासरी म्हणजे साधी बेरीज, एक अधिक एक दोन. म्हणून पट्टे पाहायचे तर दोन दिवे उपयोगाचे नाहीत. एकाच दिव्याचा उजेड दुभागून पुन्हा एकत्र आणावा लागतो. दोघेही एकाच आईची लेकरे असली, तरच त्यांचा ताल जुळतो.

न्यूटनचे नाव आणि यंगची पट्टी

हे सारे पहिल्यांदा स्पष्टपणे मांडले ते थॉमस यंग या इंग्रज माणसाने. जन्म १७७३ चा, पेशाने डॉक्टर. डोळा जवळचे आणि दूरचे कसे पाहतो याचा त्याने अभ्यास केला. इजिप्तच्या प्राचीन लिपीचा उलगडा करण्याच्या कामातही त्याचा वाटा आहे. १८०१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले आणि उजेड ही लहर आहे असे प्रतिपादन केले.

त्या काळी इंग्लंडात असे बोलणे सोपे नव्हते. कारण आयझॅक न्यूटनने उजेड म्हणजे सूक्ष्म कणांचा मारा असे मानले होते. त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली निघाला. १७२७ साली न्यूटन वारला, पण त्याच्या नावाचा दरारा पुढे पाऊणशे वर्षे टिकून होता. हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्सने १६९० सालीच लहरींची कल्पना मांडली होती, परंतु न्यूटनच्या नावापुढे ती मागे पडली. न्यूटनबद्दल पूर्ण आदर आहे, पण तेवढ्यासाठी तो कधी चुकलाच नाही असे मानण्याचे बंधन आपल्यावर नाही, अशी यंगची भूमिका होती. आणि पाहा, लहरींची लांबी त्याने काढली ती न्यूटननेच काळजीपूर्वक घेऊन ठेवलेल्या मापांवरून! मापे न्यूटनची, निष्कर्ष यंगचा.

१८०३ साली यंगने आणखी एक साधा प्रयोग सांगितला. खिडकीच्या फळीला भोक, त्यावर जाड कागद, आणि कागदाला सुईने पाडलेले बारीक छिद्र. बाहेर आरसा ठेवून सूर्याची तिरीप खोलीत आडवी आणली. त्या तिरपेत त्याने पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी आडवी धरली. पट्टीची रुंदी इंचाचा तिसावा भाग, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी. आता पट्टीच्या मागे काळी सावली पडायला हवी. परंतु त्या सावलीच्या पोटातच उजळ आणि काळ्या रेघा दिसल्या! पट्टीच्या डाव्या आणि उजव्या कडेवरून आलेला उजेड किंचित वळून सावलीत शिरत होता आणि तिथे त्यांची बेरीज होत होती.

पुढची पायरी तर फारच मार्मिक आहे. यंगने पट्टीच्या एका बाजूचा उजेड अडवला. दुसऱ्या बाजूचा उजेड होता तसाच सावलीत येत होता. तरी सावलीतल्या सगळ्या रेघा नाहीशा झाल्या. विचार करा, दोन उजेड येत होते तेव्हा जिथे काळी रेघ होती, तिथे एक उजेड बंद केल्यावर काळेपणा गेला! कणांचा मारा म्हटले तर याचा अर्थ कसा लावणार? दोन नळ चालू असताना बादली कोरडी, आणि एक नळ बंद केला की पाणी आले, असला हा प्रकार. लहरींच्या जमा-नावेशिवाय त्याचा हिशेब लागत नाही.

आणि समाजाने यंगचे काय केले? १८०३ च्या जानेवारीत ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नव्या नियतकालिकात त्याच्या लिखाणावर निनावी आणि अतिशय बोचरी टीका छापून आली. टीकाकार होता हेन्री ब्रूम नावाचा तरुण. या लिखाणात शिकण्यासारखे काहीच नाही, असाच एकंदर सूर. यंगने उत्तरादाखल १८०४ साली एक पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली असे सांगतात. यंग पुढे बरीच वर्षे डॉक्टरकीतच रमला आणि प्रकाशाचा विषय मागे पडला.

इथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. हा ब्रूम काही वाईट माणूस नव्हता. पुढे तो गुलामगिरीच्या विरोधात झुंजला, गोरगरिबांना स्वस्तात ज्ञानाची पुस्तके मिळावीत म्हणून त्याने संस्था काढली, आणि इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपदावरही पोहोचला. तरीही उजेडाच्या बाबतीत तो चुकला, कारण यंगचा प्रयोग स्वतः नीट करून पाहण्याआधीच त्याने निकाल देऊन टाकला. भला माणूससुद्धा मोठ्या नावाच्या छायेत उभा राहिला की त्याला समोरचे दिसत नाही. कोण बोलले हे आधी पाहायचे आणि काय बोलले हे नंतर, ही सवय सज्जनांनाही लागते.

रस्ते बांधणारा सरकारी नोकर

आता इंग्लंडातून फ्रान्समध्ये जाऊ. तिथे ओगुस्तँ फ्रेनेल नावाचा एक तरुण सरकारच्या रस्ते आणि पूल खात्यात इंजिनिअर होता. जन्म १७८८ चा, प्रकृती नाजूक. दिवसभर रस्त्याची कामे पाहायची आणि उरल्या वेळात उजेडाचा विचार करायचा, असा त्याचा क्रम. १८१५ साली नेपोलियन परत सत्तेवर आला तेव्हा फ्रेनेलने त्याला विरोध केला आणि नोकरीतून बाजूला काढला गेला. तो आपल्या आईकडे खेड्यात जाऊन राहिला. हाताशी प्रयोगशाळा नाही, भिंग नाही. मग त्याने पत्र्याच्या बारीक छिद्रात मधाचा थेंब बसवला आणि त्याचेच भिंग केले! गावातल्या कुलपे करणाऱ्या कारागिराकडून साधी उपकरणे घडवून घेतली. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे यंगने आधीच काय लिहून ठेवले आहे याची त्याला कल्पना नव्हती. तरीही तोही त्याच निष्कर्षाला पोहोचला. शिवाय त्याने सारे गणितात बसवले.

पुढे फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने प्रकाश कडेवरून कसा वळतो या विषयावर बक्षीस जाहीर केले. १८१८ साली फ्रेनेलने आपला निबंध पाठवला. परीक्षक पाच: लाप्लास, बियो, प्वासाँ, आरागो आणि गे-ल्युसाक. यातले पहिले तिघे न्यूटनच्या कणांचे पक्के पुरस्कर्ते. म्हणजे निकाल लागण्याआधीच लागल्यासारखा!

प्वासाँ गणितात अत्यंत तयारीचा. त्याने निबंध बाजूला फेकला नाही. त्याने फ्रेनेलचेच गणित पुढे चालवले आणि त्यातून एक विचित्र निष्कर्ष काढून दाखवला. तो म्हणाला, हे गणित खरे असेल तर एखाद्या गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, जणू मध्ये चकती नाहीच! कारण चकतीची कड सगळीकडून त्या मध्यबिंदूपासून सारख्याच अंतरावर असते. कडेवरून येणाऱ्या साऱ्या लहरी तिथे एकाच तालात पोहोचणार आणि उंचवट्यावर उंचवटा पडणार. सावलीच्या मधोमध उजेड ही गोष्ट प्वासाँला हास्यास्पद वाटली, म्हणून त्याच्या मते फ्रेनेल चूक.

आरागोने मात्र वाद घातला नाही. त्याने दोन मिलिमीटर व्यासाची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि करून पाहिले. सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका होता! १८१९ साली बक्षीस फ्रेनेलला मिळाले.

या गोष्टीतला प्वासाँ आम्हाला फार मोलाचा वाटतो. ब्रूमनेही विरोध केला आणि प्वासाँनेही केला. पण ब्रूमने नुसती खिल्ली उडवली, तर प्वासाँने हिशेब मांडून विरोध केला. म्हणून त्याच्या विरोधातूनच सत्य बाहेर आले. आज त्या ठिपक्याला प्वासाँचेच नाव आहे. सभेत, संघटनेत, घरातसुद्धा विरोध करायचा तर असा करावा. समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, त्याचे टोक गाठावे, आणि मग म्हणावे, चला, करून पाहू!

फ्रेनेल १८२७ साली क्षयाने वारला. वय अवघे एकोणचाळीस. दोन वर्षांनी यंगही गेला.

पुढे विसाव्या शतकात या कथेला आणखी एक वळण मिळाले. उजेड लहरीसारखा वागतो हे खरेच, पण ऊर्जा देताना-घेताना तो सुट्या नाण्यांसारखा मोजून व्यवहार करतो, असे १९०५ साली आइनस्टाइनने मांडले. १९०९ साली जी. आय. टेलर याने सुईच्या सावलीचे छायाचित्र इतक्या मंद उजेडात घेतले की एक छायाचित्र पुरे व्हायला सुमारे तीन महिने लागले. तरीही सावलीभोवतीच्या रेघा तशाच उमटल्या! म्हणजे न्यूटनचे कण आणि यंगच्या लहरी, दोन्ही कल्पनांना वेगळ्या अर्थाने जागा मिळाली. विज्ञानात शेवटचा शब्द कोणाच्याही नावावर लिहून दिलेला नसतो.

घरी करून पाहा

आता माता-भगिनींसाठी आणि मुलांसाठी तीन प्रयोग. खर्च जवळजवळ नाही.

पहिला. दोन बोटे एकमेकांजवळ आणा, मध्ये केसाएवढी फट ठेवा, आणि ती डोळ्याजवळ धरून ट्यूबलाइटकडे पाहा. फटीत बारीक काळ्या उभ्या रेघा दिसतील. फटीच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या उजेडाचीच ती जमा-नावे आहे. सूर्याकडे मात्र असे कधीही पाहू नये.

दुसरा. वाटीभर पाण्यात कपडे किंवा भांडी धुण्याचा साबण चांगला विरघळवा, चिमूटभर साखर घाला आणि त्यात एक बांगडी बुडवून काढा. बांगडीत साबणाचा पातळ पडदा तयार होईल. बांगडी उभी धरा, पडद्यामागे काळे कापड असू द्या आणि खिडकीचा उजेड आपल्या पाठीमागून पडद्यावर येऊ द्या. पाणी खाली उतरू लागेल तसे रंगांचे आडवे पट्टे दिसतील. पडद्याच्या पुढच्या बाजूवरून थोडा उजेड परततो आणि मागच्या बाजूवरून थोडा. दोघांची बेरीज होते. पडद्याच्या जाडीप्रमाणे कुठे तांबडा रंग पुसला जातो, कुठे निळा, आणि उरलेले रंग आपल्याला दिसतात. पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंगही याच जातीचे.

पडदा टिकला तर शेवटी वरच्या कडेशी काळा पट्टा येईल. पाहणाऱ्याला वाटते पडदा फाटला. फाटलेला नसतो! तिथे तो उजेडाच्या लहरीपेक्षाही कितीतरी पातळ झालेला असतो. पुढच्या बाजूवरून परतताना लहर उलटी होते, उंचवट्याचा खळगा होतो. मागच्या बाजूवरून परतताना ती उलटत नाही. दोघींच्या वाटेत फरक जवळजवळ उरत नाही, म्हणून उंचवट्यावर खळगा पडतो आणि सारेच रंग पुसले जातात. त्यानंतर थोड्याच वेळात पडदा फुटतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर आम्हाला सापडले नाही. बांगडी, साबण आणि खिडकी, एवढ्यात अंधार करून दाखवता येतो.

तिसरा प्रयोग मोठ्यांनी जवळ बसून करावा. बाजारात तांबड्या लेझरचे छोटे टॉर्च मिळतात. कमी शक्तीचा घ्यावा. कोणाच्याही डोळ्यात किंवा आरशावर तो मारू नये, ही ताकीद मुलांना आधी द्यावी. टॉर्चच्या तोंडावर एक केस उभा ताणून चिकटवा. टॉर्च भिंतीपासून तीन मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर ठेवा आणि खोलीत अंधार करा. केसाच्या दोन्ही कडांवरून वळलेला उजेड भिंतीवर ठिपक्यांची आडवी रांग काढेल. दोन ठिपक्यांमध्ये काळी जागा. ही यंगच्या पुठ्ठ्याच्या पट्टीचीच धाकटी बहीण!

आता मधला मोठा ठिपका सोडून एका बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधले अंतर पट्टीने मोजा. लहरीची लांबी ०.०००६५ मिलिमीटर धरली आणि तिला भिंतीच्या अंतराने, म्हणजे ३००० मिलिमीटरने गुणले, तर १.९५ येतात. याला मोजलेल्या अंतराने भागा. येईल ती केसाची जाडी, मिलिमीटरमध्ये. अभ्यासिकेत त्या मुलीने स्वतःचाच केस लावून मोजले. अंतर आले २६ मिलिमीटर. भागाकार केला, जाडी आली ०.०७५ मिलिमीटर. लाकडी पट्टीने केसाची जाडी मोजली! तिच्या वहीत तो भागाकार आहे. तो कोणी पाठ करून लिहिलेला नाही.

ताळेबंद जुळतो

सुरुवातीला आम्ही म्हटले होते की एक अधिक एक कधी शून्य, कधी चार. शून्य कसे ते पाहिले. चार कसे?

उजेडाचा लखलखाट लहरीच्या उंचीवर नव्हे, तर उंचीच्या वर्गावर ठरतो. एका लहरीची उंची एक, तर तिचा लखलखाट एक. दोन उंचवटे मिळून उंची दोन झाली की लखलखाट दोनाचा वर्ग, म्हणजे चार. काळ्या रेघेत उंची शून्य, लखलखाट शून्य. चार आणि शून्य यांची सरासरी दोन! म्हणजे काळ्या रेघेतला उजेड नष्ट झालेला नाही, तो शेजारच्या उजळ रेघेत गेला आहे. इथून खर्ची पडले, तिथे जमा झाले. निसर्गात अफरातफर नाही. आमच्यासारख्या कारकुनाला याहून मोठे समाधान कोणते?

चष्म्याच्या काचेवर हल्ली जो चकाकी मारणारा लेप देतात, तो याच हिशेबावर चालतो. लेपाची जाडी अशी ठेवतात की लेपावरून परतणारी लहर आणि काचेवरून परतणारी लहर एकमेकींना पुसतात. परतणारा उजेड कमी होतो आणि तेवढा जास्त उजेड आरपार डोळ्यापर्यंत जातो. अशा काचेवर तिरकस पाहिले तर हिरवट किंवा जांभळट झाक दिसते, ती न पुसल्या गेलेल्या थोड्या रंगांची.

आणि आता थेट आपल्या मराठवाड्यात या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायचे ठरले आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या अमेरिकेतल्या दोन थोरल्या बहिणी आधीपासून काम करत आहेत. तिथे लेझरचा एक किरण दुभागून काटकोनात चार-चार किलोमीटर लांब नळ्यांत पाठवतात आणि आरशांवरून परत आणून एकत्र करतात. रचना अशी की परतल्यावर उंचवट्यावर खळगा पडावा आणि पाहण्याच्या जागी जवळजवळ अंधार राहावा. मग आकाशात दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशच हलते. एक नळी किंचित लांबते, दुसरी आखडते. हा फरक अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पटींनी कमी असतो. तरी जमा-नावेचा तोल बिघडतो आणि अंधारात उजेड चमकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तो पहिल्यांदा चमकला. ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी झालेली होती! या कामासाठी २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले.

यंगच्या खिडकीतल्या छिद्रापासून औंढ्याच्या माळापर्यंत तत्त्व तेच आहे. एकच उजेड दुभागा, पुन्हा एकत्र आणा आणि बेरीज वाचा. औंढ्याची वेधशाळा चालू होईल तेव्हा तिला माणसे लागतील. शास्त्रज्ञ लागतील, तंत्रज्ञ लागतील, वीज आणि वातानुकूलन सांभाळणारे लागतील, हिशेब ठेवणारे कारकूनही लागतील. ती माणसे कोणाच्या घरातून जाणार? आज ज्या घरात मुलीने विचारलेला प्रश्न ‘पाठ कर’ म्हणून गप्प केला जातो, त्या घरातून जाणार नाहीत. इंग्रजी अडते म्हणून बुद्धी कमी, असे समजून मागे बसणाऱ्या मुलांनी फ्रेनेलकडे पाहावे. त्यालाही इंग्रजी येत नव्हते. त्याच्याकडेही भिंग नव्हते. मधाचा थेंब होता!

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी घरात एक बांगडी आणि साबणाची वाटी घेऊन बसा. मुलांना सोबत घ्या, आजीलाही बोलवा. वरच्या कडेला काळा पट्टा आला की त्यांना विचारा, उजेड कुठे गेला? उत्तर लगेच सांगू नका. त्यांना त्यांचा हिशेब मांडू द्या.